लक्ष का लागत नाही? लेखांक ६ : गोळी घरी आल्यावर

एडीएचडीचं निदान कसं होतं ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता औषध. आपल्याकडे या विकारावर दिलं जाणारं मुख्य उत्तेजक औषध म्हणजे मेथिलफेनिडेट. शिकायला नाहीतर नोकरीला चेन्नईत आलेल्या मराठी मुलांना पहिला धक्का बसतो तो मेडिकलमध्ये. कोपऱ्यावरचा दुकानदार बहुधा नुसती मान हलवतो. हे औषध ‘शेड्यूल एक्स’मधलं. विकायला वेगळा परवाना, साठा कुलपात, चिठ्ठी दोन प्रतींत, आणि त्यातली एक दुकानदारानं दोन वर्षं जपायची. २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ते व्हिडिओ कॉलवर लिहूनही देता येत नाही. त्यामुळे पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून अड्यारच्या हॉस्टेलवर चिठ्ठी मागवण्याचा मार्ग बंद. शहरातलाच मनोविकारतज्ज्ञ गाठावा लागतो, आणि पट्टी संपायच्या आठवडाभर आधी दुकानात विचारून ठेवावं लागतं.

एवढा सगळा बंदोबस्त दुकानाच्या गल्ल्यापर्यंत. पुढे तीच गोळी दप्तराच्या कप्प्यात लोळते, आणि माझ्या मते खरी जोखीम तिथून सुरू होते. परीक्षेच्या आदल्या रात्री खोलीतला मित्र म्हणतो, “एक दे ना, रात्र काढायचीय.” एडीएचडी नसलेल्याची बुद्धी या गोळीनं वाढत नाही. झोप उडते, आणि आपण फार छान अभ्यास करतोय असं वाटत राहतं. पण नाडी आणि रक्तदाब वाढतात ते खरेच. हृदयात जन्मजात दोष आहे का, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालाय का, उन्माद किंवा भ्रमाचा आजार कुणाला होता का, हे प्रश्न डॉक्टरांनी तुम्हाला विचारले होते. मित्राला कुणी विचारलेत? शिवाय मेथिलफेनिडेट अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. मैत्रीखातर दिलेली गोळीही पोलिसांपर्यंत नेऊ शकते. तेव्हा डबा कुलपात ठेवा आणि गोळ्या मोजत जा. घरात लहान मूल असेल तर गोळी मोठ्यांनीच हातात द्यावी.

आता कॉफी. चेन्नईत राहून फिल्टर कॉफी सोडा असं सांगायची माझी छाती नाही. पण दोन्ही उत्तेजकंच. गोळीवर तीन-तीन टंबलर रिचवले की छाती धडधडते, हात थरथरतात, आणि दोष जातो औषधाकडे. निदान डोस ठरत असतानाच्या आठवड्यांत तरी एकावर थांबा. दारू मात्र नकोच; तिच्यामुळे रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, तेही रक्तदाब चढवतं. नैराश्यावरची काही जुनी औषधं, म्हणजे एमएओ इन्हिबिटर, चालू असतील किंवा गेल्या १४ दिवसांत घेतली असतील, तर हे औषध घ्यायचंच नाही.

भूक मरते. म्हणून इडली-पोंगल आधी, गोळी नंतर. दुपारी ताटातलं उरलं तर ओरडू नका. संध्याकाळी असर ओसरला की भूक परत येते. मुलांची उंची आणि वजन ठरावीक काळानं मोजून घ्यावं, नाडी आणि रक्तदाबही. मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राच्या उन्हात खेळणाऱ्या मुलाला तहान लागायची वाट न पाहता पाणी पाजावं.

साध्या गोळीचा असर सुमारे चार तास, लांब पल्ल्याच्या गोळीचा आठ ते बारा. लांब पल्ल्याची गोळी चावायची किंवा कुटायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. सकाळची राहिली तर संध्याकाळी घेऊ नका, रात्र जागून जाईल. दुसऱ्या दिवशी दुप्पट तर अजिबात नाही.

साहुकारपेठेतली गलाईवाली कुटुंबं सुट्टीत विट्याकडे निघतात, तेव्हा औषध विसरतं किंवा “सुट्टीत कशाला?” म्हणून बंद होतं. काही मुलांना सुट्टीत खंड चालतो, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा. नेताना मूळ पाकीट आणि चिठ्ठी बरोबर असू द्या.

छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलं, नसलेलं दिसू किंवा ऐकू लागलं, तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालयात जा. १०८ला फोन करा.

पुढच्या आठवड्यात ॲटोमॉक्सेटिन : उत्तेजक न चालणाऱ्यांसाठीचं औषध.