ऑपरेशननंतर घसा इतका का सुकतो?

ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आणलेल्या पेशंटचा पहिला शब्द बहुतेक वेळा एकच असतो, पाणी! मग सोबतची मंडळी नर्सबाईंवर चिडतात की सकाळपासून उपाशी ठेवलं म्हणून ही हालत झाली. उपाशी राहणं हे एक कारण आहेच. पण दुसरं कारण भूलतज्ज्ञांनी मुद्दाम दिलेल्या इंजेक्शनात असू शकतं. या औषधांना अँटीकोलिनर्जिक म्हणतात. नाव अवघड आहे, काम समजायला सोपं.

आपल्या नसा अवयवांना निरोप देतात ते रसायनांमार्फत. त्यातलं एक ॲसिटिलकोलीन. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवलं की व्हेगस नावाची नस हृदयाची गती कमी करते ती रसायन सोडूनच. हेच रसायन लाळ सोडायला लावतं, आतडी हलवतं, लघवीची पिशवी आवळतं, डोळ्याची बाहुली लहान करतं. कुलपात न फिरणारी किल्ली अडकवून ठेवली की खरी किल्ली आत जात नाही. ॲट्रोपीन आणि ग्लायकोपायरोलेट नेमकं हेच करतात. लाळ आटते, नाडी वाढते.

ईथरच्या जमान्यात हे इंजेक्शन सर्रास द्यायचे, कारण ईथरने तोंडात, श्वासनळीत इतका स्राव व्हायचा की श्वास अडायचा. आजच्या भुलेच्या औषधांनी तसं फारसं होत नाही. आता ते गरजेपुरतं देतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरताना, किंवा तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याचा स्नायू ओढला गेला की नाडी एकदम खाली येऊ शकते. अशा वेळी ॲट्रोपीन मिनिटभरात नाडी वर आणतं.

खरी गंमत ऑपरेशनच्या शेवटी असते. पूर्ण भूल देताना बऱ्याचदा स्नायू सैल करणारं औषध देतात. ते स्नायूंवर ॲसिटिलकोलीनची जागा अडवून बसतं. पेशंटने पुन्हा स्वतः श्वास घ्यावा म्हणून निओस्टिग्मिन देतात. ते ॲसिटिलकोलीन मोडू देत नाही, त्यामुळे त्याचा साठा वाढतो आणि स्नायू परत ताकद धरतात. पण हा साठा फक्त स्नायूंपाशी थोडाच वाढणार? तो हृदयापाशीही वाढतो, लाळग्रंथींपाशीही. एकटं निओस्टिग्मिन दिलं तर नाडी धोकादायक मंद होईल. म्हणून त्याच्या जोडीला ग्लायकोपायरोलेट लागतंच. ते हृदय आणि लाळग्रंथी सांभाळतं, स्नायूंना हात लावत नाही. त्याने आलेला तोंडाचा कोरडेपणा सात तासांपर्यंत राहू शकतो.

ग्लायकोपायरोलेटच का? कारण ते मेंदूत जवळजवळ शिरत नाही. ॲट्रोपीन शिरतं. हायोसिन त्याहून जास्त गुंगी आणतं. हे हायोसिन खुरासानी ओव्यात असतं, ज्याला आपले हकीम अजवायन खुरासानी म्हणतात. आपल्याकडच्या धोतऱ्यातही असतं. धोतऱ्याने माणूस बरळतो ते याच रसायनांमुळे.

आता घरच्यांच्या कामाची गोष्ट. ऑपरेशननंतर दादी कुणाला ओळखत नाही, हवेत काहीतरी पकडायला जाते, अंग तापलेलं आणि कोरडं, बाहुल्या मोठ्या. कुणी नजर म्हणतं, कुणी साया. दुआ जरूर करा, पण डॉक्टरांना लगेच बोलवा. म्हाताऱ्या मेंदूवर या औषधांचा असर जास्त होतो. ऑक्सिजन किंवा साखर कमी झाली तरी असंच दिसू शकतं, आणि ते तपासायला उशीर परवडत नाही.

भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी प्रश्न विचारतात तेव्हा आपण घाईत "काही नाही" म्हणून मोकळे होतो. अब्बांना काचबिंदू आहे का, प्रोस्टेटमुळे लघवी अडते का, हृदय जोरात धडधडतं का, हे नक्की सांगावं. काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब या औषधाने वाढतो, आणि प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडू शकते. चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्यावीत. लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेली गोळी, कंपवाताची काही औषधं, सर्दीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या हे सगळं याच जातीचं काम करतं, आणि मग असर एकावर एक चढतो.

आणि पाणी? डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. अर्धवट शुद्धीत गिळलेला घोट फुफ्फुसात जाऊ शकतो. तोवर नर्सबाईंना विचारून ओल्या कापसाने ओठ पुसत राहावेत.