आजारी मूल आणि मैदान: काही गैरसमज

शालेय क्रीडास्पर्धा बहुधा पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस भरतात, आणि घरोघरी तापाच्या साथीही नेमक्या त्याच दिवसांत पसरलेल्या असतात. त्यामुळे वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या मुलीच्या अंगात सामन्याच्या सकाळी कणकण असावी आणि आईवडिलांनी एक गोळी देऊन तिला मैदानावर धाडावे, ही गोष्ट इतकी सर्रास घडते की तीत काही गैर आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. याउलट, दवाखान्याच्या कागदावर ज्या मुलाच्या नावापुढे दम्याची नोंद झाली, त्याचे खेळणे पुष्कळ घरांत कायमचे बंद होते. माझ्या मते या दोन्ही बाबतींत आपला निवाडा उलटा पडतो: हरकत घ्यावी तिथे आपण मुभा देतो, आणि मुभा द्यावी तिथे हरकत घेतो.

खेळल्याने घाम येतो आणि घामावाटे ताप निघून जातो, हा समज जुना आहे. त्याला आधार मात्र नाही. शरीराचे तापमान एक अंश सेल्सियसने चढले की नाडी मिनिटास सुमारे 10 ठोक्यांनी वाढते, म्हणजे तापलेल्या मुलाच्या हृदयावर शर्यत सुरू होण्यापूर्वीच भार पडलेला असतो. पॅरासिटामॉलने पारा उतरतो, रोग उतरत नाही. शिवाय काही विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचून तिथे दाह उत्पन्न करतात, आणि अशा अवस्थेत कठोर श्रम केल्यास हृदयाची लय बिघडू शकते. धडधाकट दिसणाऱ्या तरुण खेळाडूंच्या मैदानावरील आकस्मिक मृत्यूंच्या ज्ञात कारणांपैकी हे एक कारण आहे. असा दाह झाल्याचे निदान झाल्यावर खेळाडूला साधारणतः 3 ते 6 महिने स्पर्धेपासून दूर ठेवण्याचा वैद्यकीय प्रघात त्यामुळेच पडला. नुसते नाक वाहत असेल आणि ताप नसेल, तर हलके खेळण्यास सहसा प्रत्यवाय नाही. परंतु ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, उलट्या किंवा जुलाब असताना मैदान वर्ज्यच.

ताप उतरला म्हणजे मूल बरे झाले, हा दुसरा समज डेंग्यूच्या बाबतीत विशेष घातक ठरतो. या रोगाचा धोक्याचा काळ पुष्कळदा ताप उतरू लागल्यावरच, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास, सुरू होतो. रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपू लागतो, प्लेटलेट घटलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवशी अंग थंड लागते म्हणून मुलाला कबड्डीच्या पकडीत झोकून देणे म्हणजे रक्तस्रावास निमंत्रण देणे होय. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन दिल्यास हा धोका आणखी वाढतो. मलेरियात पानथरी सुजते आणि पोटावर बसलेल्या आघाताने ती फाटू शकते, ही गोष्टही कुस्ती-कबड्डीच्या पालकांनी ध्यानात ठेवावी.

‘युवराज सिंग नाही का खेळला?’ असा दाखला यावर हमखास दिला जातो. 20 मार्च 2011 रोजी चेन्नईत, मैदानावर उलट्या होत असतानाही, त्याने क्रिकेट विश्वचषकात वेस्ट इंडिजविरुद्ध 113 धावा केल्या, हे खरे. परंतु त्या विश्वचषकाच्या काळात तो ज्या तक्रारी अंगावर काढत होता, त्यांच्या मुळाशी छातीतील कर्करोगाची गाठ होती, हे पुढे निष्पन्न झाले आणि 2012 साली त्याला अमेरिकेत केमोथेरपी घ्यावी लागली. त्याच्या धैर्याविषयी मला नितांत आदर आहे. तथापि 29 वर्षांच्या कर्त्या पुरुषाने स्वतःपुरता घेतलेला निर्णय 13 वर्षांच्या मुलीला लागू करता येत नाही, कारण ती आईबापांचा चेहरा पाहूनच ‘मला बरं वाटतंय’ असे म्हणत असते.

आता दम्याविषयी. पंपाची सवय लागते, या भीतीने तो दडवणारी घरे अजून आहेत. वस्तुतः औषध थेट श्वासनलिकांत पोहोचत असल्याने त्याची मात्रा अल्प पुरते, आणि सालब्युटामॉलच्या पंपास उत्तेजकविरोधी नियमांतही ठरावीक मर्यादेपर्यंत परवानगी आहे. जॅकी जॉयनर-कर्सी हिला दमा होता. 1988 साली सोल येथे तिने हेप्टॅथलॉनमध्ये मिळवलेले 7291 गुण हा विश्वविक्रम अद्याप अबाधित आहे. पोहणारा गॅरी हॉल याला 1999 साली टाइप 1 मधुमेहाचे निदान झाले, आणि 2000 व 2004 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्याने घेतले. अशा मुलांच्या बाबतीत तजवीज हवी, बंदी नव्हे: डॉक्टरांनी आखून दिलेले औषध, पिशवीत पंप किंवा ग्लुकोज, खेळापूर्वी रक्तशर्करेची तपासणी, आणि प्रशिक्षकास आजाराची पूर्ण माहिती.

प्रेक्षकांत बसलेल्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे: तापातून उठलेले मूल धावताना छातीत दुखते म्हणाले, नेहमीपेक्षा लवकर धापा टाकू लागले, किंवा भोवळ येऊन पडले, तर सामना तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या.