गाडी का तापते?

३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून दिसत नाही. पण हौसेने जतन केलेल्या पद्मिनी अजून आहेत, आणि उन्हाळ्यात त्या तापतातही. आम्ही चालकांच्या संघटनेत आयुष्य घालविले. गाडी तापली की ‘ड्रायव्हरने ताणली’ हा निकाल आधी आणि तपास मागून, हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहिला. इंजिन जाम झाले की भुर्दंडही त्याच्याच रोजीवर. म्हणून तपासाची रीत सर्वांनीच जाणून घ्यावी.

पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा सुमारे चौथा हिस्साच कामी येतो. उरलेली काही धुरावाटे जाते, काही इंजिनाभोवतीचे पाणी उचलते. पंप ते पाणी रेडिएटरमध्ये ढकलतो. तेथे वारा त्याला निववतो. ही वाट कोठे अडली, एवढेच शोधावयाचे.

प्रथम विचारावे, गाडी तापते केव्हा? सिग्नलला उभी असता तापते व धावताना निवते, तर वारा अपुरा आहे. पद्मिनीत पंखा आणि पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. तो सैल झाला आहे का पाहावे. घाट चढताना तापते, तर रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजल्या असाव्यात. इग्निशनचे टायमिंग मागे पडले तरी असे होते. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते आणि रेडिएटर मात्र थंडच, तर थर्मोस्टॅट मिटलेलाच अडकला असावा. तो काढून टाकणे हा उपाय नव्हे; इंजिनाला हवी ती ऊब मिळत नाही, ते झिजते आणि पेट्रोलही अधिक खाते. बाहेर गळती नसता पाणी घटते आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचे पाणी शंभर अंशांवर गेले तरी उकळत नाही; झाकण निघताच ते उसळून तोंड भाजते. तापल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जातो. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि ते निवेपर्यंत थांबावे.

असे थांबणे म्हणजे ड्रायव्हरची टंगळमंगळ नव्हे. मालकाने तेवढा वेळ त्याला द्यावा. गाडी वाचते आणि माणूसही.