राजाचा प्रतिनिधी : सल्ला कोणी कोणास द्यावा?

कोल्हापूरच्या शिवाजी चौकात आज शिवछत्रपतींचा अर्धपुतळा आहे. त्या जागी पूर्वी मुंबई इलाख्याचे एक माजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा उभा होता, हे घरातील वडील मंडळींच्या तोंडून पुष्कळांनी ऐकले असेल. १९४२ च्या चळवळीत दोन स्त्रियांनी मोठे धाडस करून त्या पुतळ्याला डांबर फासले, पुढे तो फोडण्यात आला आणि १९४५ साली तेथे महाराजांचा पुतळा बसला. येथवरची हकीकत कोल्हापुरात सर्वांस ठाऊक आहे. तिचा दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. पुतळ्याला डांबर फासले गेले, त्या वेळी खुद्द विल्सनसाहेब हयात होते. इतकेच नव्हे, तर गव्हर्नरच होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड या राज्याचे गव्हर्नर म्हणून ते १९३२ पासून १९४६ पर्यंत ब्रिस्बेन येथे राहत होते.

मनुष्य तोच, हुद्द्याचे नाव तेच आणि ज्याच्या वतीने कारभार पाहावयाचा ते राजघराणेही तेच. परंतु काम एकच होते काय? १९२३ ते १९२८ या काळात विल्सन मुंबईस होते. तेथे १९१९ च्या कायद्याप्रमाणे द्विदल राज्यपद्धती चालू होती. शिक्षण, आरोग्य यांसारखी खाती लोकांतून निवडून आलेल्या मंत्र्यांकडे होती खरी. पण पोलीस, जमीनमहसूल, तिजोरी ही खरी सत्तेची खाती गव्हर्नराने आपल्या कार्यकारी मंडळासह चालवावयाची होती, आणि मंत्र्यांचे म्हणणेही त्याला बाजूस सारता येत असे. बारडोलीचा सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढला आणि १९२८ साली वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकरी उठला, तो याच विल्सनसाहेबांच्या अमदानीत. तो सारा ठरविणाऱ्या सरकारला मतपेटीतून घालविण्याची सोय शेतकऱ्याजवळ नव्हती.

ब्रिस्बेनला मात्र मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ निवडून आलेले होते. ते कायद्याचा मसुदा पाठवी आणि विल्सनसाहेब त्यावर सही करीत. विधिमंडळापुढे त्यांनी वाचावयाचे भाषणही मंत्रीच लिहून देत. सारे हुकूम त्यांच्या नावाने सुटत आणि त्यांतील एकही त्यांच्या मनाने ठरत नसे. कोल्हापुरात लोकांना ज्या सत्तेचा संताप आला होता, ती सत्ता त्या दिवशी ब्रिस्बेनमध्ये त्यांच्या हाती नव्हतीच.

घटनात्मक राजेशाही म्हणजे काय, हे समजून घेण्यास यापेक्षा सोपा दाखला आम्हांस माहीत नाही. तिचे सारे मर्म ‘सल्ला’ या एका शब्दात आहे. व्यवहारात सल्ला म्हणजे ऐकावा किंवा सोडून द्यावा अशी गोष्ट. राज्यघटनेच्या भाषेत तसे नाही. मंत्र्यांनी दिलेला सल्ला राजावर किंवा त्याच्या प्रतिनिधीवर बंधनकारक असतो. असे का? कारण त्या सल्ल्याची जबाबदारी मंत्र्यांनी घेतलेली असते. निर्णय चुकला तर विधिमंडळात उत्तर मंत्र्याने द्यावयाचे, अविश्वासाचा ठराव त्याच्यावर यावयाचा, निवडणुकीत पडावयाचे तर त्यानेच. ‘राजाकडून चूक होत नाही’ या इंग्रजी वचनाची आपल्याकडे फार थट्टा झाली. पण राजा काही करीतच नाही, करतो तो मंत्री, एवढाच त्याचा साधा अर्थ आहे. जो उत्तर देण्यास बांधलेला, त्याने ठरवावे. जो उत्तर देत नाही, त्याने सही करावी.

राजाला मग उरते काय? वॉल्टर बॅजट या इंग्रज लेखकाने १८६७ साली त्याचे तीन हक्क सांगितले : मंत्र्यांनी आपल्याशी विचारविनिमय करावा हा एक, त्यांना उत्तेजन द्यावे हा दुसरा आणि त्यांना धोक्याची सूचना द्यावी हा तिसरा. दूरच्या देशात राजाच्या जागी बसणाऱ्या गव्हर्नर-जनरललाही हेच तीन. आज राजे तिसरे चार्ल्स हे ब्रिटनखेरीज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमेका धरून आणखी चौदा देशांचे राजे आहेत. तेथील गव्हर्नर-जनरलची नेमणूक राजाच्या नावाने होते, पण नाव सुचविते ते त्या त्या देशाचे सरकार. लंडनच्या मंत्र्यांचा त्यात हात नसतो.

आता ‘सल्ला’ हा शब्द कोल्हापूरच्या इतिहासात कसा आला आहे, तेही पाहू. येथे राजाचा प्रतिनिधी ही कल्पना मुळीच परकी नव्हे. जिंजीच्या आणीबाणीत छत्रपती राजाराम महाराजांनी प्रल्हाद निराजी यांच्यासाठी ‘प्रतिनिधी’ हे पद अष्टप्रधानांहून वरचे म्हणून निर्माण केले. पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात आले. त्या घराण्याची एक शाखा साताऱ्याच्या गादीकडे राहिली आणि दुसरी कोल्हापूरच्या. विशाळगडचे पंतप्रतिनिधी ते हेच. हा प्रतिनिधी राजाचा नोकर होता आणि राजापाशीच जबाबदार होता.

इंग्रजांनी कोल्हापुरात ठेवलेला राजप्रतिनिधी निराळा. १८४४ साली सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथे गडकऱ्यांचे बंड झाले. ते मोडल्यावर संस्थानचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती गेला आणि बाबासाहेब महाराजांना तो परत मिळण्यास १८६२ साल उजाडले. परत देतानाच्या करारात कलम असे की, महत्त्वाच्या सर्व बाबतींत महाराजांनी इंग्रज सरकारच्या सल्ल्याने चालावे आणि तो सल्ला येथील पोलिटिकल अधिकाऱ्यामार्फत कळविला जाईल. येथेही शब्द ‘सल्ला’च, येथेही तो बंधनकारकच. पण वाहण्याची दिशा अगदी उलटी! राजप्रतिनिधी सल्ला घेत नव्हता, देत होता. आणि त्या सल्ल्याचे उत्तर कोल्हापूरच्या रयतेला देण्यास तो कोठेच बांधलेला नव्हता. त्याचे वरिष्ठ मुंबईस, त्यांचे कलकत्त्यास, त्यांचे लंडनला. निर्णय एकाचा आणि नाव मात्र महाराजांचे. काही बरे-वाईट झाले तर बोल लागावयाचा तो गादीला.

या व्यवस्थेत काय होऊ शकते, याची सर्वांत दुःखद आठवण चौथ्या शिवाजी महाराजांची आहे. दत्तक आलेला हा तरुण राजा वेडा ठरविला गेला, अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याच्या ताब्यात ठेवला गेला आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी विशीतच तेथे मरण पावला. महाराष्ट्र त्यावर हळहळला. केसरी आणि मराठा या पत्रांनी कोल्हापूरच्या कारभाऱ्यावर आरोप केले, म्हणून टिळक-आगरकरांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. खटला कारभाऱ्याने भरला होता. कारभाऱ्याच्या डोक्यावर जी सत्ता होती, तिला जाब विचारण्याचा मात्र कोणताच मार्ग नव्हता.

राजर्षी शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती घेतला, तो याच चौकटीत. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा राजा, वेदोक्ताच्या वादात आपला निर्णय टिकविण्यासाठी वरच्या इंग्रज अधिकाऱ्यांचा कौल आपल्या बाजूने राहील याची काळजी वाहत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या धोरणीपणाची खरी किंमत कळते. त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांशी असलेल्या स्नेहावर टीका करणारांनी हे कलम एकदा वाचावयास हवे होते.

जाता जाता औंधचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. त्याच प्रतिनिधींच्या घराण्यातील भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये आपल्या बहात्तर गावांच्या संस्थानाला घटना दिली आणि ग्रामपंचायतींतून वर आलेल्या प्रतिनिधींच्या हाती कारभार सोपविला. कोणी भाग पाडले नसता राजाने स्वतःला घटनात्मक राजा करून घेतल्याचे असे उदाहरण विरळा.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत जो पालट झाला, तो डोळ्यांना दिसला नाही. आदल्या दिवशी लॉर्ड माउंटबॅटन व्हाइसरॉय होते, दुसऱ्या दिवशी गव्हर्नर-जनरल. घर तेच, राजा सहावे जॉर्ज तेच. परंतु आदल्या दिवसापर्यंत संस्थानिकांना सल्ला देणारा हा राजप्रतिनिधी त्या दिवसापासून नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा सल्ला घेणारा झाला. जून १९४८ मध्ये त्यांच्या जागी राजगोपालाचारी आले. २६ जानेवारी १९५० पर्यंत हिंदुस्थान घटनात्मक राजेशाहीच होता, हे आपण विसरून गेलो आहो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे त्यानंतर जवळजवळ अकरा महिने इंग्लंडच्या राजाच्या नावाने चालणाऱ्या प्रांताचे, पण स्वतः निवडलेल्या मंत्र्यांचे, असे कोल्हापूरकर नागरिक होते. त्याचा जाच कोणास झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सल्ल्याची दिशा सरळ झाली, की नाव कोणाचे याला फारसे महत्त्व उरत नाही.

मग सारे सुरळीत झाले काय? एक गाठ राहतेच. मंत्रिमंडळाला बहुमत आहे की नाही हाच प्रश्न असेल, तर सल्ला कोणाचा घ्यावा? १९२६ साली कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी संसद बरखास्त करण्याचा सल्ला दिला. गव्हर्नर-जनरल बिंग यांनी तो नाकारून विरोधी पक्षाच्या मीगन यांना बोलाविले. मीगन यांचे मंत्रिमंडळ काही दिवसांतच कोसळले आणि निवडणुकीत किंग पुन्हा निवडून आले. ११ नोव्हेंबर १९७५ चा ऑस्ट्रेलियातील प्रसंग त्याहून कठीण. वरिष्ठ सभागृहाने खर्चाची मंजुरी अडवून धरली होती. पंतप्रधान व्हिटलॅम यांना कनिष्ठ सभागृहात बहुमत असताना गव्हर्नर-जनरल केर यांनी त्यांना काढले आणि विरोधी पक्षाच्या फ्रेझर यांना नेमले. आधी इशारा दिला असता, तर व्हिटलॅम राणीला सांगून केर यांनाच काढावयास लावतील, ही धास्ती होती. केर यांनी राणीलाही आधी कळविले नाही, हे त्यांची पत्रे २०२० साली खुली झाली तेव्हा दिसून आले. डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर मोठ्या बहुमताने निवडून आले. तरी केर यांनी केले ते योग्य होते काय, हा वाद मिटला नाही. आमच्या मते बॅजटने सांगितलेला तिसरा हक्क त्यांनी वापरलाच नाही. मंत्र्याला धोक्याची सूचना देणे हे ज्याचे काम, त्याने ती न देता एकदम हत्यार उपसले.

आपला राज्यपाल हा या राजप्रतिनिधीचाच वारस होय. १९४७ साली जुन्या कायद्याची डागडुजी करताना गव्हर्नराच्या ‘स्वेच्छाधिकारा’चे शब्द काढून टाकण्यात आले होते, राज्यघटनेच्या १६३ व्या कलमात ते मर्यादित रूपाने पुन्हा आले. राज्यपाल लोकांनी निवडावा असे घटनेच्या मसुद्यात होते. १९४९ साली घटना समितीने ते बदलले. दोन निवडून आलेली माणसे, मुख्यमंत्री आणि राज्यपाल, एकमेकांच्या उरावर बसतील ही भीती. ती रास्त होती. पण त्यामुळे राज्यपालाची नेमणूक आणि बडतर्फी दिल्लीच्या सरकारच्या सल्ल्यावर गेली. मुंबईच्या मंत्र्यांचा सल्ला ऐकणारा मनुष्य जागेवर राहतो तो दिल्लीच्या मर्जीने. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात गव्हर्नर-जनरलला नेमणारे सरकार आणि त्याला सल्ला देणारे सरकार एकच असते. येथे ती दोन आहेत, आणि पुष्कळदा परस्परांची प्रतिस्पर्धी आहेत.

महाराष्ट्राने त्याचा अनुभव घेतला आहे. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी, राज्य अजून जागे होत असतानाच राजभवनात मुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकला; तीन दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा हुकूम देताच, त्या मंत्रिमंडळाचा राजीनामा आला. नोव्हेंबर २०२० मध्ये दुसऱ्या मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावे सुचविली. ते मंत्रिमंडळ २०२२ साली गेले, तरी त्यांवर निर्णय झाला नव्हता. येथे सल्ला नाकारला नाही, घेतलाही नाही. तो नुसता ठेवून दिला. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी मुख्यमंत्री ठाकरे यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. त्यासाठी त्यांच्यापुढे पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी ठरविले. परंतु ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता आधीच राजीनामा दिला होता. म्हणून त्यांचे मंत्रिमंडळ परत आणता येत नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचा राजीनामा त्यापूर्वी तीन महिने, फेब्रुवारीतच, मंजूर झाला होता.