थंडीतील वस्त्रे : वजन आणि ऊब

आम्ही धान्याचे व्यापारी. वजन पाहून मोल ठरविणे हा आमचा जन्माचा संस्कार. परंतु याच संस्काराने आम्हांस एकदा फसविले. ग्वाल्हेरची पौषातील थंडी कडक. कित्येक रात्री पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशाच एका हिवाळ्यात आम्ही मातोश्रींकरिता जाडजूड, चांगले वजनदार कांबळे आणले. त्या ते अंगावरून सारखे दूर सारीत व कुडकुडत बसत. आम्हांस तो वार्धक्याचा हट्ट वाटला, आणि रागाचे दोन शब्दही आमच्या तोंडून गेले.

चूक आमची होती. ऊब ही वस्त्राची नसून आपल्याच देहाची असते. धाग्यांमध्ये कोंडलेली स्थिर हवा तिला बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. म्हणूनच नव्याने पिंजलेली रजई उबदार लागते, आणि कापूस दबला की वजन तेच असूनही ती गार पडते. एका जाड वस्त्रापेक्षा दोन-तीन पातळ वस्त्रे एकावर एक घालणे बरे, ते याच कारणाने.

आता टोचण्याविषयी. लोकरीचा तंतू सुमारे ३० मायक्रॉनांहून, म्हणजे मिलिमीटरच्या ३० सहस्रांशांहून, जाड असला तर त्याचे टोक वाकत नाही. ते त्वचेत रुतते. मेरिनो मेंढीची लोकर साधारणतः २४ मायक्रॉनांच्या आत असते, तर लडाखी शेळीची पश्मिना १२ ते १६. वार्धक्यात त्वचा पातळ व कोरडी होते. तेव्हा मातोश्रींचा तो हट्ट नव्हता, ती वेदना होती.

रेशीम मऊ खरे; परंतु त्यासाठी कोशातील किडे उकळत्या पाण्यात मरतात, म्हणून आपल्यापैकी अनेक घरांत ते वर्ज्य आहे. लोकर कातरून व पश्मिना विंचरून काढतात. ॲक्रिलिक स्वस्त व मऊ असते. मात्र ते घाम शोषीत नाही, आणि पेटल्यास वितळून अंगास चिकटते. शेगडीजवळ ते नकोच.

पुढील हिवाळ्यात आम्ही मातोश्रींना आत फलालिनीचे पोलके शिवले व वर हलकी, मऊ शाल दिली. ती त्यांनी आपण होऊन पांघरली. त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही मात्र मनोमन क्षमा मागितली.

सभासद बंधूंस एवढीच विनंती, की धान्याचा नमुना आपण तळहातावर पारखतो, पण तळहाताची कातडी जाड असते. घरातील वृद्धांसाठी वस्त्र घेताना ते त्यांच्याच मानेस लावून पाहावे, आणि त्यांनी नको म्हटले तर ते ऐकावे.