बातमीचा कल मोजताना

एका बातमीवरून वृत्तपत्राचा कल ठरवता येत नाही. तो कळायचा तर एकाच विषयावरच्या शेकडो बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. बातमीतील प्रत्येक तपशील खरा असूनही कोणाचे म्हणणे आधी द्यायचे, कोणाचे शेवटच्या परिच्छेदात ढकलायचे, कोणती घटना पहिल्या पानावर आणायची आणि कोणती मुळीच छापायची नाही, या निवडी वर्षानुवर्षे एकाच दिशेने होत राहिल्या म्हणजे जी झुकती मांडणी तयार होते, तिला माध्यमांचा पक्षपात म्हणतात. इतके वाचन माणसाला झेपणारे नसल्यामुळे गेल्या दोन दशकांत हे काम संगणकाकडे आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे आले आहे.

माणसांनीही ते नेटाने केलेले आहे. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी १९२० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे तीन वर्षांतील हजारावर अंक चाळून रशियन क्रांतीविषयीच्या बातम्या तपासल्या, तेव्हा बोल्शेविक राजवट कोसळण्याच्या बेतात असल्याचे त्या पत्राने ९१ वेळा छापल्याचे आढळले, प्रत्यक्षात ती राजवट टिकून होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले आणि पहिल्याच अंकात, मुंबई इलाख्यातील बहुतेक वर्तमानपत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, असे स्पष्टपणे मांडले. लिपमन आणि मर्झ यांनी छापलेला मजकूर मोजला, तर आंबेडकरांचा रोख जे छापलेच जात नव्हते त्याकडे होता. आजची यंत्रे पहिल्या कामात बरीच तरबेज झाली आहेत. दुसऱ्यात ती अजून चाचपडत आहेत.

संगणकाने प्रथम शब्दांची निवड मोजली. अर्थशास्त्रज्ञ मॅथ्यू गेंट्झकाऊ आणि जेसी शपिरो यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५ सालच्या अमेरिकी काँग्रेसमधील भाषणे घेतली आणि कोणत्या पक्षाचे सदस्य कोणते शब्दप्रयोग अधिक करतात हे शोधले. मृताच्या मालमत्तेवरील कराला रिपब्लिकन सदस्य ‘डेथ टॅक्स’ म्हणत, तर डेमोक्रॅट सदस्य ‘इस्टेट टॅक्स’ म्हणत. अशा शेकडो शब्दप्रयोगांच्या आधारे त्यांनी चारशेहून अधिक दैनिकांची भाषा कोणत्या पक्षाच्या भाषेच्या जवळ जाते ते मोजले. दैनिकाचा कल मालकाच्या मतांपेक्षा त्याच्या वाचकांच्या पसंतीशी अधिक जुळतो, हा त्यांचा निष्कर्ष वाचकांनाही विचारात पाडणारा आहे, कारण माध्यमांच्या पक्षपाताचे सारे खापर मालकावर फोडण्याची सवय सर्वत्र आहे.

त्यानंतर आलेली तंत्रे नमुन्यांवरून शिकतात. माणसांनी ‘पक्षपाती’ किंवा ‘तटस्थ’ अशी खूण केलेले हजारो लेख यंत्राला दिले जातात, त्यांतून ते शब्दांच्या, वाक्यरचनेच्या खुणा टिपते आणि नव्या लेखाबद्दल अंदाज वर्तवते. या पद्धतीतील सर्वांत नाजूक जागा म्हणजे ती खूण कोणी आणि कशी केली ही होय. २०१९ साली संगणकीय भाषाविज्ञानाच्या ‘सेमइव्हॅल’ या स्पर्धेत अतिपक्षीय बातम्या ओळखण्याचे आव्हान ठेवले होते. त्यासाठी १,२७३ लेखांवर माणसांनी वाचून खुणा केल्या, तर साडेसात लाख लेखांवर केवळ त्यांच्या प्रकाशकाच्या लौकिकावरून खुणा केल्या. माणसांनी वाचलेल्या लेखांवर सर्वोत्तम यंत्राचा अंदाज सुमारे ८२ टक्के वेळा बरोबर ठरला. प्रकाशकावरून केलेली खूण स्वस्त पडते, पण तिच्यात मोठा धोका असतो. रमी बाली आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ३४,७३७ लेखांवर प्रयोग करून दाखवले, की असे यंत्र लेखाचा कल ओळखण्याऐवजी तो कोणत्या वृत्तपत्राचा आहे हे ओळखायला शिकते आणि पूर्वी न पाहिलेल्या वृत्तपत्रातील लेख समोर आले की त्याचा अंदाज ढासळतो. एखादी प्रणाली ‘हा लेख इतके टक्के पक्षपाती’ असा आकडा दाखवत असेल, तर तो आकडा लेख वाचून आला की पाटी वाचून, हे विचारणे वाचकाचा हक्क आहे.

याउलट, निकाल न देता पुरावा मोजून दाखवणारी यंत्रे अधिक भरवशाची वाटतात. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ मायते ताबोआदा यांच्या चमूने उभारलेला ‘जेंडर गॅप ट्रॅकर’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. हे यंत्र रोजच्या बातम्या गोळा करते, प्रत्येक वाक्याचे व्याकरण सोडवून कोण बोलले आणि काय बोलले हे वेगळे काढते, ‘तो’ किंवा ‘ती’ हे सर्वनाम मागच्या कोणत्या नावासाठी आले ते जुळवते आणि नावांच्या सूचीवरून बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे ठरवते. ऑक्टोबर २०१८ ते सप्टेंबर २०२० या काळातील सात इंग्रजी वृत्तसंस्थांचे सहा लाखांवर लेख तपासल्यावर ज्यांचे म्हणणे उद्धृत झाले त्यांत ७१ टक्के पुरुष आणि २९ टक्के स्त्रिया निघाल्या. कोरोनाच्या काळात बॉनी हेन्री, थेरेसा टॅम यांसारख्या आरोग्य अधिकारी स्त्रिया बातम्यांत ठळकपणे उद्धृत होऊ लागल्या; पदावर कोण आहे यावर आवाज कोणाचा ऐकू येतो हे किती अवलंबून असते, ते यातून कळते. या आकड्यांवर वाद घालता येतो, पण ते कसे आले हे प्रत्येकाला तपासता येते, आणि तपासणीची ही सोय फार मोलाची आहे.

असे यंत्र मराठीसाठी करायचे झाल्यास त्याची रचना मराठीच्या व्याकरणातूनच घडवावी लागेल. ‘त्या म्हणाल्या’ यात बोलणारी स्त्री आहे हे क्रियापदच सांगते, म्हणजे इंग्रजीत जे काम नावांच्या सूचीवर सोपवावे लागते ते येथे अर्धे आपोआप होते. परंतु मराठी बातमीत अधिक रुळलेली रचना ‘यांनी सांगितले’ ही आहे आणि तेथे क्रियापदावरून काहीच कळत नाही. त्यातच स्त्रीच्या पूर्ण नावात मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असल्याने सूचीवर विसंबणारे यंत्र सहज फसू शकते.

मराठीतील पक्षपाताच्या काही खुणा तर इंग्रजीसाठी घडवलेल्या यंत्राच्या कल्पनेतही येणार नाहीत. चोरीच्या संशयावरून पकडलेल्या मजुराबद्दल ‘त्याला अटक केली’ असे लिहिले जाते आणि कोट्यवधींच्या अपहाराचा आरोप असलेल्या संचालकाबद्दल ‘त्यांना अटक करण्यात आली’ असे. गुन्हा दोघांवरही सिद्ध झालेला नसतो, तरी एकाचा आदर बातमीतच काढून घेतला जातो. ‘जमावावर लाठीमार झाला’, ‘पोलिसांनी लाठीमार केला’ आणि ‘पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’ ही तीन वाक्ये एकाच घटनेची असू शकतात: पहिल्यात कर्ता नाहीसा होतो, दुसऱ्यात तो समोर उभा राहतो आणि तिसऱ्यात त्याच्या बाजूचे समर्थन क्रियापदातच बसवलेले असते. मार्ता रेकासेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली विकिपीडियाच्या संपादकांनी तटस्थतेसाठी केलेल्या दुरुस्त्या अभ्यासून हेच दाखवले होते, की पक्षपात भडक विशेषणांइतकाच साध्या क्रियापदांत लपतो. मराठीत ‘म्हणाले’, ‘दावा केला’ आणि ‘निदर्शनास आणून दिले’ यांतील फरक प्रत्येक उपसंपादकाला ठाऊक असतो: मधले क्रियापद म्हणण्यावर शंका घेते, शेवटचे ते खरे धरून चालते. सत्ताधाऱ्यांच्या वाट्याला कोणते क्रियापद किती वेळा आले आणि विरोधकांच्या वाट्याला कोणते, ही मोजणी यंत्र चांगली करू शकेल.

त्यासाठी लागणारा पाया काही प्रमाणात तयार आहे. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ या उपक्रमाने मराठीसाठी ‘महाबर्ट’ हे भाषाप्रारूप, म्हणजे मोठ्या मजकुरावरून शब्दांचे परस्परसंबंध शिकलेली प्रणाली, खुले करून दिले असून भावना, द्वेषपूर्ण मजकूर आणि बातम्यांचे विषय यांच्या खुणा केलेले संग्रहही प्रसिद्ध केले आहेत. मात्र विषयाची खूण आणि कलाची खूण यांत अंतर आहे. हे वाक्य झुकते आहे की नाही यावर पुण्यातील, नांदेडमधील आणि सावंतवाडीतील वाचकांचे एकमत होईलच असे नाही, आणि खुणा करणारे सारे एकाच शहरातील, एकाच समाजगटातील असतील तर यंत्र त्यांचीच नजर तटस्थ म्हणून शिकेल. शिवाय भाषाप्रारूपांचा स्वतःचाही राजकीय कल असतो; शांगबिन फेंग आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली दाखवून दिले, की हा कल त्यांना शिकवलेल्या मजकुरातून येतो आणि कोणता द्वेष व कोणती खोटी माहिती ते पकडतात यावरही त्याचा परिणाम होतो.

राहतो प्रश्न न छापलेल्या बातमीचा. तो मजकुराच्या आत सुटणारा नाही. त्यासाठी वृत्तपत्राबाहेरची नोंद हाताशी असावी लागते. शेतकरी आत्महत्यांची जिल्हावार माहिती अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय आयुक्त कार्यालये संकलित करतात. ती बातम्यांच्या संग्रहाशी ताडून पाहिली, तर कोणत्या जिल्ह्यातील मृत्यू बातमी झाले आणि कोणते झाले नाहीत हे यंत्राला थोड्या वेळात काढता येईल. मात्र त्यासाठी मराठी दैनिकांचे जुने अंक केवळ पानांची छायाचित्रे म्हणून साठवलेले असून चालणार नाही. त्यांतील अक्षरे संगणकाला वाचता आली पाहिजेत, आणि जिल्हा आवृत्त्यांची पानेही त्या संग्रहात आली पाहिजेत, कारण अशा मृत्यूची दोन ओळींची नोंद झालीच असेल तर ती बहुधा तेथेच सापडेल.