आमच्या आजीची पाटी

दरवर्षी गणेश चतुर्थी आली की आमच्या कपाटातून एक जुनी दगडी पाटी बाहेर निघते. तिचा एक कोपरा फुटलेला आहे. लाकडी चौकट १९६० च्या कॅरोल वादळात घराच्या छपराबरोबर गेली. तरी ती गणपतीपुढे ठेवल्याशिवाय आमची पूजा पुरी होत नाही. ती पाटी आमच्या आजीची.

आजीचा जन्म १९१४ सालचा, कास्कावेलजवळच्या ऊसमळ्याच्या कॅम्पातला. तिचे आजोबा रत्नागिरीकडून करारावर मजूर म्हणून मॉरिशसला आले होते. आजीने शाळेचे तोंड पाहिले नाही. अंधारात उठून चूल पेटवायची, दिवसभर उसात राबायचे, परतताना गाईसाठी गवताचा भारा डोक्यावर आणायचा, असे तिचे आयुष्य.

१९४७ साली नवी राज्यघटना आली. तोपर्यंत मताचा हक्क मालमत्ता व मिळकत असलेल्या थोड्या पुरुषांनाच होता. आता बेटावरच्या भाषेत साधे वाक्य लिहिता-वाचता येईल त्या प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला तो मिळणार होता. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७१ हजारांपुढे गेली. बासदेव बिसूनदयाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव अक्षरे शिकविण्याची चळवळ चालविली. आमच्या बैठकेतही रात्री कंदील लागू लागला.

आजोबा म्हणाले, "बाईमाणसाला मत कशाला? मी आहे ना!"

आजी काही बोलली नाही. दूध विकून साठविलेल्या पैशांतून तिने पाटी आणली आणि बैठकेत मागे जाऊन बसली. तेथे हिंदी शिकवीत, पण लिपी आपलीच देवनागरी. उसाच्या पात्यांनी चिरलेल्या बोटांत पाटीवरची पेन्सिल धरवत नसे, असे ती सांगे.

नोंदणीच्या दिवशी अधिकाऱ्यापुढे आजोबांचा हात थरथरला. वाक्य अर्धे राहिले आणि त्यांचे नाव गळले. आजीने मात्र आपले वाक्य पुरे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये आमच्या घरातून मत द्यायला ती एकटीच गेली. परत आल्यावर तिने तोरा मिरविला नाही. रात्री जेवणे झाल्यावर पाटी आजोबांपुढे ठेवली व म्हणाली, "बसा. पहिल्यापासून सुरू करू." १९५३ च्या निवडणुकीला दोघे बरोबर गेले.

अशा आजीचा मी नातू, पण माझ्या हातून एक चूक घडली. शाळेत आम्ही मुले क्रिओल बोलत असू. एके दिवशी मी डबा विसरलो. आजी फाटकाशी येऊन मोठ्याने मराठीत हाका मारू लागली. मित्र हसले. मी ऐकूच आले नाही असे दाखविले. ती डबा फाटकाशी ठेवून निघून गेली. संध्याकाळी ती रागावली नाही. फक्त जेवलास का, हे तिने क्रिओलमध्ये विचारले. त्यानंतर चारचौघांत ती माझ्याशी कधी मराठी बोलली नाही. माझी लाज तिने ओळखली होती आणि मला सांभाळून घेतले होते. मी माफी मागितली नाही. १९८६ साली आजी गेली.

पुढे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जुने दप्तर पाहून आजीच्या आजोबांचा कागद मिळविला. त्यावर त्यांचा क्रमांक आहे. नाव परक्या हाताने, परक्या उच्चाराने लिहिलेले. तो कागद हातात धरला तेव्हा मला पाटीची किंमत कळली. त्यांचे नाव दुसऱ्याने लिहिले. त्यांच्या नातीने आपले नाव स्वतः लिहिले.

आता चतुर्थीला माझी नात त्या पाटीवर खडूने 'श्री' काढते आणि त्याखाली आपल्या पणजीचे, म्हणजे माझ्या आईचे, नाव लिहिते. सर्वांत खाली आजीचे नाव मी लिहितो. ते काम मी कोणाला देत नाही.

वाचकहो, आपल्या घरी आजी असेल तर तिला आजच मराठीत हाक मारा. आणि चारचौघांत मारा.